मुळशी: तंबूखालचं पाणी

पाऊस सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या ताम्हिणीच्या वाटेला लागतात. मीही त्यातलाच. गेल्या वर्षी मुळशीच्या काठावर तंबूत राहिलो होतो. सकाळी चहा देणाऱ्या मावशींना सहज विचारलं, "मावशी, गाव कुठलं तुमचं?" त्यांनी तलावाच्या मधोमध बोट केलं. "ते काय, तिथं."

मावशी असतील पन्नाशीच्या. आणि हे धरण होऊन शंभर वर्षं होत आली. म्हणजे ते गाव त्यांनी कधी पाहिलेलंच नाही! तरी 'गाव कुठलं' म्हटल्यावर बोट पाण्याकडेच गेलं. आजचा भाग त्या बोटामुळे.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटांना धरण बांधायचं होतं, ते विजेसाठी. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पण धरणाच्या पोटात येणार होती मावळातली भातखाचरं, आंबेमोहोर पिकवणारी. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. बायाही मागे नव्हत्या. पुढे विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात.

आता यातली एक बोचरी गोष्ट सांगतो. बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांना जमीन गेली तरी पैसे मिळणार होते, म्हणून त्यांना नुकसानभरपाई चालणार होती. कसणाऱ्याला ती चालणार नव्हती. एकाच जमिनीचे दोन धनी, आणि दोघांची गरज वेगळी. लढा आतूनच पोखरत गेला. 1924 च्या शेवटी बापटांनी कामगारांची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

पुढे काय झालं? मुळेचं पाणी एरवी भीमेतून, कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला जायचं. ते उलट फिरवलं, सह्याद्री पोखरून पश्चिमेला, खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. 1927 पासून तिथे वीज तयार होते. वीजघरातून निघालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. भर उन्हाळ्यात कोलाडला आपण राफ्टिंग करतो ना, ते याच पाण्यावर! वीजघराने पाणी सोडलं की नदी वाहते आणि बोटी निघतात.

म्हणजे बघा, घाटावर तंबू आणि घाटाखाली राफ्टिंग, आपल्या दोन्ही सहली एकाच पाण्यावर चालतात. आणि त्या पाण्याची किंमत आपण मोजलेली नाही, ती मावशींच्या आजेसासूच्या पिढीने मोजली.

मुळशीला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. मी यंदाही जाणारच आहे, आणि आपण गेलो तर मावशींचा चहा खपतो. फक्त काठावर बसून 'वा, काय नैसर्गिक तलाव आहे!' एवढं तेवढं म्हणू नका. चहा घेता घेता विचारा, गाव कुठलं. आणि बोट कुठे जातंय, ते नीट बघा.

भेटू पुढच्या भागात.