कारभारी बदलावा कीं नाहीं?

विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि ज्यांचीं यंत्रें उत्तम चालत होतीं अशा असंख्य लोकांपुढें एक जुनाच प्रश्न नव्यानें येऊन उभा राहिला. आहे त्या प्रणालीवरच भागवावें, कीं नवी घ्यावी? या प्रश्नाचा निकाल सामान्यतः दुकानदार, कारागीर आणि जाहिराती यांच्यावर सोंपविला जातो. आमच्या मतें हा प्रश्न मुख्यतः इतिहासाचा आहे. तो पहिल्यानें विचारला गेल्यास साठांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. त्या वेळचें उत्तर आणि आजचें उत्तर यांची तुलना केली असतां मधल्या काळांत कोणाचें ओझें कोणाच्या खांद्यावर गेलें हें चांगलें दिसून येतें.

प्रणाली म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं हा परिच्छेद सोडून द्यावा. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, संगणकांत तिचें स्थान पेशवाईंतील फडावरच्या कारभाऱ्यासारखें असतें. लढाई सरदार करतात, वसूल मामलेदार आणतात. पण कोणास किती शिबंदी द्यावयाची, कोणता कागद कोणत्या रुमालांत बांधावयाचा आणि कोणाची गांठ धन्याशीं केव्हां घालून द्यावयाची, हें सारें फडावर ठरतें. लेखनाचा, हिशेबाचा, चित्रांचा असे जे निरनिराळे प्रोग्राम आपण वापरतों ते सरदार होत. कारभारी बदलला म्हणजे धनी तोच आणि सरदार तेच असूनहि कित्येक जुन्या सनदा चालेनाशा होतात. नव्या प्रणालीस लोक बिचकतात तें केवळ आळसामुळें नव्हे. आपल्या सनदांचें काय होणार, ही त्यांस काळजी असते.

अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं 'सिस्टिम/३६०' या यंत्रकुलाची घोषणा केली. तोंपर्यंत एका जातीच्या यंत्राची भाषा दुसऱ्यास कळत नसे. लहान यंत्र सोडून मोठें घ्यावयाचें तर जुने प्रोग्राम बहुधा नव्यानें लिहावे लागत. ३६० च्या कुलांतील लहानमोठ्या यंत्रांनीं एकच भाषा बोलावी अशी ही योजना होती, आणि ती थोर होती यांत शंका नाहीं. परंतु १९५९ सालीं निघालेल्या १४०१ या यंत्राचे हजारों ग्राहक होते. त्यांचे पगारपट, विम्याचे हिशेब आणि कोठारांतील मालाच्या याद्या १४०१ च्या भाषेंत बांधलेल्या होत्या. असे ग्राहक सहजासहजीं जागचे हलणारे नव्हते. तेव्हां कंपनीनें नव्या यंत्राच्या पोटांतच जुन्या यंत्राचें सोंग आणण्याची सोय केली. ३६० च्या लहान नमुन्यांवर १४०१ चे प्रोग्राम चालूं लागले. पुष्कळ कचेऱ्यांत यंत्र नवें आलें खरें, पण पुढें कित्येक वर्षें तें जुन्याचेंच सोंग घेऊन पगारपट छापीत राहिलें. ही गोष्ट हंसण्यासारखी वाटेल, पण तींत एक न्याय होता. बदल यंत्र विकणारास हवा होता. म्हणून जुन्याचें ओझेंहि त्यानेंच वाहिलें.

याच यंत्रकुलासाठीं योजलेली 'ओएस/३६०' ही मोठी प्रणाली मात्र ठरल्या वेळीं तयार झाली नाहीं, आणि ती हातीं येईपर्यंत ग्राहकांस लहान, तात्पुरत्या प्रणालींवर वेळ मारून न्यावी लागली. त्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं पुढें १९७५ सालीं 'दि मिथिकल मॅन-मंथ' हा ग्रंथ लिहिला. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसें नेमलीं तर तें अधिकच लांबतें, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत याच अनुभवांतून निघाला. (ज्यांनीं लग्नाच्या पंगतीला ऐन वेळीं नवे वाढपी उभे केले आहेत त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.) आपल्या देशांत १४०१ चा मुक्काम याहून लांबला. परदेशांत वापरून झालेलीं यंत्रें दुरुस्त करून येथें भाड्यानें दिलीं जातात, हा त्या काळचा एक गाजलेला आक्षेप होता. १९७८ सालीं आयबीएमनें भारतांतील आपला कारभारच आवरला.

घरोघर संगणक येऊं लागले तेव्हां या व्यवहाराचें स्वरूप पालटलें. यंत्र करणारा एक, प्रणाली विकणारा दुसरा आणि प्रोग्राम लिहिणारा तिसराच, अशी वांटणी झाली. तरीहि जुन्या सनदा पाळण्याची रीत कांहीं काळ टिकली. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं विंडोज ९५ विक्रीस आली. अमेरिकेंत मध्यरात्रीं दुकानांपुढें रांगा लागल्या. ती घडत असतां 'सिमसिटी' नांवाचा एक लोकप्रिय खेळ तिच्यावर कोसळतो असें आढळलें. दोष खेळाचा होता. सोडून दिलेली स्मृतीची जागा तो पुन्हा वाचीत असे, आणि जुन्या प्रणालीवर तें खपून जाई. प्रणालीच्या कर्त्यांनीं खेळाच्या कर्त्यांस दोष दिला नाहीं. हा खेळ चालूं असतां सोडलेली जागा लगेच दुसऱ्यास देऊं नये, अशी खास सवलत त्यांनीं आपल्या प्रणालींत घातली, असा वृत्तांत प्रसिद्ध आहे. परक्याच्या चुकीसाठीं आपलें घर वांकवून घेण्याचें हें उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें.

आतां मराठी वाचकास जवळच्या गोष्टीकडे वळूं. विंडोज ९८ च्या काळांत संगणकावर मराठी कसें लिहीत असत, हें आजच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागतें. त्या प्रणालीस देवनागरी येत नव्हती. तिला रोमन अक्षरांचीं घरें तेवढीं ठाऊक होतीं. तेव्हां कल्पक मंडळींनीं त्याच घरांत देवनागरी आकृति नेऊन बसविल्या. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी छापलें जाई. पण यंत्राच्या लेखीं तो सारा मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ असे. पुन्हा श्रीलिपि, आकृति, आयएसएम अशा प्रत्येक संचाची घरांची मांडणी निराळी. एकाचें लिहिलें दुसऱ्यास वाचतां येत नसे. सर्वांसाठीं एकच मांडणी असावी म्हणून प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. 'इस्की' या नांवाचें भारतीय मानक १९९१ सालीं ठरलें; त्याच वर्षीं निघालेल्या जागतिक युनिकोडांत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावरून घेतली होती. आणि फेब्रुवारी २००० मध्यें बाहेर पडलेल्या विंडोज २००० या प्रणालीस प्रथमच मराठी खऱ्या अर्थानें समजूं लागली.

म्हणजे प्रणाली बदलण्यास इंग्रजी लिहिणारापेक्षां मराठी लिहिणारास अधिक सबळ कारण होतें. इंग्रजास नव्या प्रणालींत सोय मिळत होती. आम्हांस तींत भाषा मिळत होती. तरीहि आमचे छापखाने जागचे हलले नाहींत. त्यांस हंसणें सोपें आहे, पण त्यांची अडचण पाहावी. पानें लावण्याचें त्यांचें काम पेजमेकर या प्रोग्रामावर चाले. त्याची शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि तिलाहि युनिकोड येत नव्हतें. मराठी अक्षरांच्या संचांबरोबर पुष्कळदां एक चिमुकलें कुलूप येई. तें संगणकाच्या मागें, छापयंत्राची तार लावण्याच्या खांचेंत बसवावें लागे. पुढें नव्या यंत्रांतून ती खांचच नाहींशी झाली! पेजमेकरच्या जागीं आलेल्या इनडिझाइन या प्रोग्रामांत भारतीय लिपींची बरी सोय २०१२ च्या सुमारास झाली. तोंपर्यंत, आणि कित्येक ठिकाणीं त्यानंतरहि, मराठी पुस्तकें जुन्या यंत्रावर, जुन्या प्रणालीवर आणि त्या कुलुपाच्या भरंवशावर निघत राहिलीं.

यांतील खरी हानि पुढें दिसली. १९९९ सालीं जुळविलेल्या एका व्याख्यानमालेच्या फायली आमच्यापाशीं आहेत. आजच्या यंत्रावर त्या उघडतात. पण दिसतात तीं रोमन अक्षरें, कंस, टक्क्यांचीं चिन्हें आणि मधूनमधून एखादें स्वल्पविराम. तो मजकूर युनिकोडांत उतरविणारे प्रोग्राम आहेत, परंतु तें काम केवळ अक्षरास अक्षर बदलण्याचें नाहीं. 'दिवस' हा शब्द जुन्या पद्धतींत डोळ्यास दिसतो त्या क्रमानें सांठविलेला असतो: आधीं वेलांटी, मग द. युनिकोडांत क्रम उच्चाराचा आहे: आधीं द, मग वेलांटी. 'अर्थ' मधील रफार जुन्या पद्धतींत थ च्या नंतर येतो, नव्या पद्धतींत त्याचा र थ च्या आधीं. जोडाक्षर आलें म्हणजे वेलांटी किती घरें पुढें सरकवावी, याचा निर्णय प्रोग्रामास करावा लागतो, आणि तो कधीं कधीं चुकतो. म्हणून असा उतारा माणसानें ओळीनें वाचून पाहिल्यावांचून विश्वासार्ह होत नाहीं.

पेशवे दप्तराची येथें आठवण होते. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते मोडी वाचणारीं माणसें तेव्हां मिळत होतीं म्हणून. परंतु मोडी कागद हातीं आला तर तो मोडी आहे एवढें तरी अडाण्यासहि कळतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुळविलेली मराठी फाईल नुसता केर दिसते, आणि केर समजून ती पुसून टाकली जाते.

या बदलाच्या वादांत प्रसिद्ध प्रकरण विंडोज एक्सपीचें. ती ऑक्टोबर २००१ मध्यें आली. तिच्या मागून ३० जानेवारी २००७ रोजीं आलेली व्हिस्टा इतकी जड होती, आणि पावलोपावलीं परवानगी विचारण्याची तिची संवय इतकी त्रासदायक होती, कीं त्याच वर्षींच्या एप्रिलमध्यें डेल कंपनीस ग्राहकांच्या आग्रहावरून कांहीं यंत्रांवर पुन्हा एक्सपी देणें भाग पडलें. पुढें २००९ सालीं विंडोज ७ आली आणि लोकांचा राग निवळला. पण ज्यांनीं एक्सपी धरून ठेवली होती ते तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं संपल्यावरहि तिला बिलगून राहिले. त्यांत आपल्या बँकांचीं पैसे देणारीं यंत्रेंहि होतीं. रिझर्व्ह बँकेनें २०१७ च्या एप्रिलांत याविषयीं बँकांस बजाविलें, आणि जून २०१८ मध्यें अशा सर्व यंत्रांवर जून २०१९ पर्यंत आधार असलेली प्रणाली बसविण्याचा टप्प्याटप्प्यांचा हुकूम काढला. प्रत्यक्ष आधार संपल्यानंतर पांच वर्षांनीं!

१२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला. तो फायलींस कुलूप घाली आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकीं निदान ८१ संस्थांस त्याची झळ पोहोंचली, आणि रुग्णांच्या हजारों भेटी रद्द कराव्या लागल्या. सर्वांनीं लागलेंच एक्सपीकडे बोट दाखविलें. परंतु पुढील तपासांत निराळेंच निघालें. लागण झालेल्या यंत्रांपैकीं बहुतेक सर्व विंडोज ७ वर चालत होतीं, आणि त्या प्रणालीस तेव्हां आधार होता. तिच्यावरील इलाज १४ मार्च रोजींच, म्हणजे सुमारें दोन महिने आधीं, प्रसिद्ध झाला होता. तो कोणी लावलाच नव्हता. एक्सपीचीं यंत्रें या उपद्रवानें बहुधा बंदच पडत, पुढें तो पसरवीत नसत. नवी प्रणाली म्हणजे सुरक्षितता, हें समीकरण यावरून निखालस ढासळतें. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या रक्षक प्रोग्रामाच्या एका सदोष सुधारणेनें सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निजविलीं. आपल्या विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले परवाने द्यावे लागले. तो प्रसंग ओढवला तो सुधारणा तत्काळ घेणाऱ्यांवर.

असें असूनहि, जें यंत्र जाळ्यास जोडलेलें आहे, ज्यावरून पत्रें जातात आणि पैशाचे व्यवहार होतात, त्यावर निराधार प्रणाली ठेवूं नये असेंच आमचें मत आहे. निराधार प्रणालींत सांपडलेलें भोंक कोणी बुजवीत नाहीं, आणि चोर मात्र तें शोधीत असतो. जें यंत्र जाळ्यास जोडलेलें नाहीं त्यास हा नियम लागत नाहीं. जुन्या फायली उघडणारें एक जुनें यंत्र तार काढून कोंपऱ्यांत ठेवणें यांत मागासलेपणा कांहीं नाहीं.

विंडोज ११ चें प्रकरण मात्र आम्हांस खटकतें. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या या प्रणालीनें प्रथमच अशी अट घातली कीं यंत्रांत टीपीएम २.० हा रक्षक भाग असावा आणि त्याचा प्रोसेसर अमुक पिढीच्या पुढचा असावा. २०१७ च्या पूर्वींचीं बहुतेक यंत्रें, तीं कितीहि धडधाकट असोत, या अटींत बसत नाहींत. अटीमागें सुरक्षिततेचें कारण आहे व तें खोटें नाहीं. परंतु १९६४ सालीं नवें यंत्र जुन्याचें सोंग घेऊन ग्राहकाच्या दारीं गेलें होतें. येथें ग्राहकासच जुनें यंत्र टाकून दाराशीं या असें सांगण्यांत आलें. लिनक्सची वाट खुली आहे, आणि युनिकोडांतील मराठी तीवर उत्तम चालते. म्युनिक शहरानें सुमारें १५,००० यंत्रें त्या वाटेस लावलीं, आणि २०१७ सालीं परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. तेव्हां ही वाट सर्वांस मानवेल असें नाहीं. एकट्या लेखकास किंवा शाळेस ती मानवण्याचा संभव बराच आहे.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठीं संरक्षणाच्या सुधारणांची एक वर्षाची वाढीव मुदत ठेवण्यांत आली. ज्या प्रकाशकांपाशीं आणि लेखकांपाशीं जुन्या अक्षरांतील फायली आहेत, त्यांनीं अशा मुदतींत नव्या प्रणालीच्या गुणदोषांची चर्चा करीत बसण्यापेक्षां आधीं कोणत्या फायली कोणत्या संचांत जुळविल्या आहेत याची यादी करावी, त्या युनिकोडांत उतरवाव्या आणि वाचून घ्याव्या. तें जुनें कुलूप कोणत्या खणांत पडलें आहे हें सांगूं शकणारे जुळारी आतां साठीला पोहोंचले आहेत.