कानात घंटी वाजेपर्यंत औषध!

आज गोष्ट ॲस्पिरिनची. पण डोकेदुखीवरच्या गोळीची नाही, ऱ्हुमॅटिक फीवर झालेल्या लहान मुलांना दिलेल्या ॲस्पिरिनची.

आधी आजार समजून घेऊ. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे मुलाचा घसा सुजतो, बराही होतो. मग दोन-तीन आठवड्यांनी काहींना ताप चढतो आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असं सुजत जातं. सांधे पुढे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात.

1874 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरात डॉ. थॉमस मॅक्लेगन यांनी यावर विलो झाडाच्या सालीतलं सॅलिसिन वापरलं. त्यांचं लॉजिक ऐका: हा आजार दमट जागी होतो, विलोही दमट जागी वाढतो, म्हणजे औषध तिथेच असणार! आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग पेशंटना दिलं. लॉजिक चुकीचं, पण सांध्यांना खरंच आराम पडला. 1897 मध्ये बायर कंपनीत याच घराण्यातलं ॲस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार झालं.

आता खरा प्रश्न डोसचा. इथे एखाद्या गोळीने भागत नाही. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 80 ते 100 मिलिग्रॅम, तेही कित्येक दिवस. आणि पुरे कधी म्हणायचं? जुने डॉक्टर कानात घंटी वाजायला लागेपर्यंत डोस वाढवायचे, मग थोडा उतरवायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर येईपर्यंत सर्व्हरवर लोड वाढवतो ना, तसंच. साइड इफेक्ट हाच मीटर!

पण चार वर्षांचं पोर थोडंच सांगणार, कान वाजतायत म्हणून? त्याला मळमळतं, उलट्या होतात, ते पेंगतं आणि भराभर श्वास घेतं. गोची अशी की याच आजारात हृदय थकलं तरी धाप लागते. मग ही धाप आजाराची की औषधाची? म्हणून रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजणं महत्त्वाचं ठरलं. 1970 च्या दशकात आणखी एक गोष्ट पुढे आली: काही मुलांच्या लिव्हरलाही हे डोस झेपत नव्हते, आणि बाहेरून काही कळतही नव्हतं.

एवढं सोसून हृदय वाचत होतं का? 1950 च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून सुमारे 500 मुलांवर ॲस्पिरिन आणि स्टेरॉइड औषधांची तुलना केली. हृदयाच्या बाबतीत कुणीच सरस ठरलं नाही. ॲस्पिरिन वेदना थांबवतं, झडपा वाचवत नाही. आजार उलटू नये आणि झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून लागतं पेनिसिलिन, वर्षानुवर्षं, नेमाने.

1980 च्या दशकात फ्लू आणि कांजिण्यांमध्ये दिलेल्या ॲस्पिरिनचा रे सिंड्रोमशी, म्हणजे मेंदू आणि लिव्हरवर घाला घालणाऱ्या आजाराशी, संबंध दिसला. तेव्हापासून मुलांना सरसकट ॲस्पिरिन देणं थांबलं. ऱ्हुमॅटिक फीवर हा मोजक्या अपवादांपैकी एक, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली.

आपल्याकडे हा आजार अजून गेलेला नाही. म्हणून एवढंच लक्षात ठेवा: गुडघा दुखायचा थांबला म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू नका. भेटू पुढच्या भागात!