महर्षी कर्वे यांचे दीर्घायुष्य

१८७५ साली कोकणातील मुरूडचा एक विद्यार्थी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेला. सतरा वर्षे पुरी झाली होती. परंतु चण लहान, म्हणून परीक्षकांस ते खरे वाटेना, आणि त्यास तसेच परतावे लागले. वय कमी दिसते म्हणून नाकारलेले हे धोंडो केशव कर्वे पुढे १०४ वर्षे जगले!

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडकरांनी त्यांस वाळीत टाकले. १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. १९०० साली तो हिंगण्यास गेल्यावर, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते पायीच तेथे जात. महिला विद्यापीठ अठ्ठावन्नाव्या वर्षीचे. एकाहत्तराव्या वर्षी, लोक काशीयात्रेचे बेत करतात त्या वयात, ते विद्यापीठासाठी परदेशप्रवासास निघाले. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आणि समता संघ शहाऐंशीव्या.

१९५८ साली, वयाच्या शताब्दीस, त्यांस भारतरत्न लाभले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास ते निवर्तले. त्यांस वाळीत टाकणारांपैकी तो शताब्दीसोहळा पाहण्यास क्वचितच कोणी उरला असेल.