सस्तन प्राण्यांचे कृंतन : एका प्रश्नाचा इतिहास

‘क्लोन’ ही संज्ञा मुळात उद्यानविद्येची होय. डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ती १९०३ साली घडविली. बीजावाचून, म्हणजे कलम, कंद वा बेणे यांपासून वाढविलेल्या एकरूप वनस्पती तीत अभिप्रेत होत्या. मराठीत तिला ‘कृंतक’ असा प्रतिशब्द रूढ आहे. उसाचे बेणे लावणाऱ्या शेतकऱ्यास ही क्रिया नित्याचीच. प्राण्यांच्या बाबतीत मात्र आधी एका प्रश्नाचा निकाल लागणे अवश्य होते : पेशी एकदा त्वचेची वा आतड्याची झाली म्हणजे संपूर्ण प्राणी घडविण्याची तिची पात्रता नष्ट होते, की केवळ सुप्त राहते?

गर्भवाढीत आनुवंशिक द्रव्याची पेशीपेशींत वाटणी होत जाते, असे मत आउगुस्ट व्हाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. ते खरे असेल तर ही पात्रता परत मिळणे शक्य नव्हते. त्याची कसोटी हान्स श्पेमान यांनी १९३८ साली सुचविली : वाढलेल्या पेशीचे केंद्रक काढून केंद्रकहीन अंडपेशीत ठेवावे. ब्रिग्ज व किंग यांनी १९५२ साली बेडकाच्या कोवळ्या गर्भपेशी घेऊन हा प्रयोग साधला. १९६२ साली जॉन गर्डन यांनी भैकेराच्या आतड्यातील पेशींची केंद्रके वापरूनही यश मिळविले.

बेडकाचे अंडे मिलिमीटरहून मोठे असून ते शरीराबाहेर वाढते. सस्तन प्राण्याची अंडपेशी मिलिमीटरच्या सुमारे दशांशाएवढी, आणि गर्भास उदराचा आश्रय हवा. १९८४ साली मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून, साध्या केंद्रकरोपणाने सस्तन प्राण्यांचे कृंतन जैविकदृष्ट्या अशक्य होय, असा निष्कर्ष काढला. तथापि त्यांनी केंद्रक ठेवले होते ते फलित अंड्यात. स्टीन विलाडसेन यांनी अफलित अंडपेशी घेतली आणि १९८६ साली गर्भपेशींपासून मेंढीची कोकरे जन्मल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे अशक्यतेचा तो निर्णय विशिष्ट पद्धतीपुरताच खरा ठरला.

उरला प्रौढ पेशीचा प्रश्न. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत इयन विल्मट व कीथ कॅम्बेल यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी अल्प पोषणावर ठेवून त्यांचे विभाजन थांबविले. त्यामुळे पेशी व अंडपेशी यांच्या अवस्थांचा मेळ बसला. विजेच्या सौम्य धक्क्याने त्या केंद्रकहीन अंडपेशींशी जोडण्यात आल्या. अशा २७७ जोडण्यांतून २९ गर्भ वाढले. ते १३ मेंढ्यांच्या उदरात ठेवण्यात आले, आणि ५ जुलै १९९६ रोजी एकच कोकरू जन्मास आले. तीच डॉली, ती २००३ साली मरण पावली.

पात्रता सुप्त असते, हे येथे सिद्ध झाले. परंतु एका कोकरामागील २७६ अपयशे हेही दर्शवितात की तिला जागविणे अंडपेशीस क्वचितच पूर्णपणे साधते. शिवाय तंतुकणिकांतील जनुके अंडपेशीचीच राहतात. म्हणून अशा प्राण्यास मूळ प्राण्याची तंतोतंत प्रतिकृती म्हणणे यथार्थ नव्हे.