विंचूरकरांचा वाडा आणि येवल्याचा सारा

नाशिकहून येवल्याकडे निघाले की निफाड तालुक्यात विंचूर लागते. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याचे मूळ आडनाव दाणी. या गावावरून ते विंचूरकर झाले. पुण्याच्या सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा याच घराण्याचा. तिथे टिळक राहत, विवेकानंद त्यांच्याकडे उतरले, १८९४ साली तिथे सार्वजनिक गणपती बसला. वाड्याचा इतिहास म्हणून आपल्याला एवढेच सांगितले जाते.

यात खोटे काही नाही. पण हिशेब अर्धाच आहे. सरदारांचा वाडा नुसत्या दगड-सागवानावर उभा राहत नाही, तो महसुलावर उभा राहतो. माधवराव पेशव्यांनी येवला विठ्ठल शिवदेवांना दिले. १८१८ साली पेशवाई बुडाली, कारभार इंग्रजांकडे गेला. तरी येवल्याच्या जमिनीचे उत्पन्न पुढे कित्येक वर्षे याच घराण्याकडे राहिले. सत्ता गेली, सारा राहिला!

हा सारा गोळा होताना राबत कोण होते? रयतेला चावडीवर बोलावणे, भरणा पोचवणे, हद्दीची साक्ष देणे, गाव राखणे ही कामे गावोगावच्या महारांची. मोबदला काय, तर वतनाचा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी हीच गुलामी कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो बदलण्याचे विधेयक मांडले. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच येवल्यात. आज जग येवला ओळखते ते त्या घोषणेमुळे, जहागिरीमुळे नव्हे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५२ च्या कायद्याने जातइनामे गेली. पण इनामदाराच्या स्वतःच्या ताब्यातली जमीन त्याच्याकडेच राहिली. फक्त पूर्ण आकार भरायचा. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. तिथे जमीन आधी सरकारजमा झाली. परत हवी असेल तर आकाराच्या तिप्पट रक्कम भरा, आणि वर नवी शर्त: कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही.

ही शर्त गरिबाची जमीन कोणी लुबाडू नये म्हणून घातली, असे सांगतात. हेतू तसा असेलही. पण मग पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांकडूनच तिप्पट रक्कम का घेतली? ते कुठले संरक्षण?

वाडे पाडा, असे आम्ही म्हणत नाही. जरूर जपा. फक्त दारावर पाटी लावाल तेव्हा मालकांच्या वंशावळीखाली सारा कोणत्या गावांचा होता आणि तो कोणाच्या पाठीवरून आला, हेही लिहा. घराचा इतिहास मालकांच्या नावाने संपत नाही.