हिराबाईंचे सात चोविसांश

घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की आपल्याकडे आधी वंशावळ काढतात. मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे... झाड पसरत जातं आणि त्यात एकही बाई नसते. बीडला आमच्या चुलत्यांनी काढलेली वंशावळ अशीच आहे. सात पिढ्या आहेत, पण आई कुणालाच नाही!

बायका सापडतात त्या जमिनीच्या कागदांत. सातबारा, फेरफार, आमच्या मराठवाड्यात जुनं खासरा पत्रक. तिथेही पूर्ण वाक्यात नाही, आद्याक्षरांत. कर्त्या पुरुषाच्या नावामागे 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाईच्या नावापुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि मग नवऱ्याचं नाव. आणि अज्ञान मुलाच्या नावाला जोडून 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालन कर्ती. माझी आजी मला सापडली ती या तीन अक्षरांत.

आजोबा १९५८ साली गेले. माझे वडील नऊ वर्षांचे, काका सहाचे, दोघी आत्या त्यांच्याहून मोठ्या. फेरफाराला नोंद झाली ती दोन मुलांची, 'अ.पा.क. आई'. शेत आजीने केलं. बाजरी, ज्वारी, थोडा कापूस. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, पण एक गुंठा विकला नाही. मुलं सज्ञान झाली, कागदावरचा अ.पा.क. शेरा कमी झाला, आणि शेऱ्याबरोबर आजीही कमी झाली. जमीन राखली तिने आणि कागदावर ती राखणदारसुद्धा उरली नाही.

आता कुणी म्हणेल, तेव्हा कायदाच तसा होता. तर तसं नाही, आणि मला नेमकं हेच सांगायचंय.

आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यातला. विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता वाटा देणारा १९३७ चा कायदा ब्रिटिश मुलखात झाला, त्याचा आमच्याकडच्या बायांना तेव्हा काही उपयोग नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बीड मुंबई राज्यात आलं. म्हणजे आजोबा गेले तेव्हा बीडची विधवा आणि सांगलीची विधवा एकाच कायद्याखाली होत्या. नव्या कायद्याने तिचा हक्क हयातीपुरता नव्हता, पुऱ्या मालकीचा होता. फरक एवढाच की सांगलीला एका बाईने मागितलं.

त्या बाईंचं नाव हिराबाई मगदूम. वकील मंडळी 'गुरुपाद विरुद्ध हिराबाई' म्हणून हा खटला ओळखतात. त्यातला गुरुपाद हा हिराबाईंचा मुलगा.

हिराबाईंचे यजमान खंडाप्पा २७ जून १९६० ला वारले. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. मालमत्ता म्हणजे दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम चीजवस्तू. आपल्याकडच्या कुठल्याही बऱ्या घरासारखंच. ६ नोव्हेंबर १९६२ ला हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला आणि मागितले सात चोविसांश. मुलाचं म्हणणं असं की ही वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, आणि वडिलांनी हयातीतच, १९५२ आणि १९५४ साली, स्वतः आणि दोन मुलगे यांच्यात वाटण्या केल्या होत्या. आता नव्याने वाटायला काही नाही.

हा सात चोविसांशाचा आकडा आला कुठून? आपण समजायला सोपं म्हणून चोवीस एकर रान धरू.

कायदा सांगतो, माणूस मरण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं समजा. त्या वाटणीत बाप, दोन मुलगे आणि आई असे चार वाटे. आईला स्वतःहून वाटणी मागता येत नसे, पण बाप-लेकांत वाटणी झाली तर तिला मुलाएवढा वाटा मिळे. म्हणजे प्रत्येकी सहा एकर. मुलींना यात काहीच नाही. मग बाप गेला, त्याचे सहा एकर सहा वारसांत, प्रत्येकी एक. आईचे सहा आणि एक, सात. मुलग्यांचे सात-सात. मुलींचा एक-एक. बेरीज करून बघा, बरोबर चोवीस.

१३ जुलै १९६५ ला सांगलीच्या कोर्टाने मुलाची जुन्या वाटणीची हकीकत फेटाळली, पण हिराबाईंना दिला फक्त एक चोविसांश. कारण काय, तर ती आदल्या क्षणीची वाटणी नुसती मानलेली, खरी झालेली नाही. मग तिच्यातला वाटा आईला कसा द्यायचा? सातऐवजी एक एकर! मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथे हिराबाईंनीही आपली हरकत मांडली आणि त्यांचे सातही मान्य झाले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ एप्रिल १९७८ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा: वाटणी झाली असं एकदा मानलंत ना, मग शेवटपर्यंत माना. बापाचा वाटा मोजण्यापुरती ती खरी आणि आईला देताना खोटी, असं चालणार नाही.

दावा लावल्यापासून साडेपंधरा वर्षं. पोटच्या मुलाविरुद्ध. घरात काय बोलणं झालं असेल याची निकालपत्रात नोंद नसते. पण त्या घराचा इतिहास आज देशभर कायद्याचे विद्यार्थी शिकतात तो हिराबाईंनी मागितलं म्हणून. मागितलं नसतं तर त्याही कुठल्याशा फेरफारातल्या दोन-तीन अक्षरांत मिटल्या असत्या. आमच्या आजीचा वाटा त्याच हिशोबाने चार आण्यांहून जास्त निघतो. एक चतुर्थांश आणि वर एक विसांश. तिने कधी मागितला नाही. मागता येतो हे तिला सांगणारंही कुणी नव्हतं.

मधल्या काळात कायदा पुढे गेला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलासारखाच जन्माने वाटा दिला, पण त्या दिवशी जिचं लग्न झालेलं नव्हतं तिलाच. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितलं, नकोत.

हिराबाईंच्या घराचा हिशोब आजच्या कायद्याने करा. आधी सात वाटे, मग बापाचा वाटा सहा जणांत. सगळ्यांना सारखे, चोविसातले चार-चार. मुलींचे एकाचे चार झाले. मुलग्यांचे सातावरून चार, आणि आईचेही सातावरून चार. हे शेवटचं फारसं कुणी बोलत नाही. मुलीला मिळतं ते भावाच्या वाट्यातून तसं थोडं आईच्याही वाट्यातून येतं.

आणि इतकं होऊन गावाकडे काय चालतं? हक्कसोड. बहिणीने यायचं, सही करायची, साडी-चोळी घेऊन जायचं. आमच्या दोघी आत्यांनी तेच केलं. धाकटी आत्या म्हणायची, "एकर-दोन एकरापायी माहेर तोडू का? दिवाळीला कोन्या दारात उभी ऱ्हाऊ?" याला उत्तर नाही. माहेरची किंमत जमिनीत मोजायला भावांनीच लावली होती, तिने फक्त ती चुकती केली. असो.

हे वाचणाऱ्यांत माझ्या दोघी बहिणीही आहेत, म्हणून उघडच लिहितो. वडील गेल्यावर आमच्या वडिलोपार्जित रानाची वाटणी अजून व्हायची आहे. भावकीतून 'हक्कसोड कधी करता' अशी विचारणा सुरू झालीय. हिराबाईंच्या काळच्या हिशोबाने मला बारातले पाच आले असते, आईला पाच, बहिणींना एकेक. आजच्या कायद्याने आई, मी आणि त्या दोघी, चौघांनाही तीन-तीन.

ताई, माई, मला तीन पुरतात. सही करू नका. आणि दिवाळीला या.