चुना कुठे थांबवायचा

कातडं कमावण्याच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलं तर लोक साल, हिरडा, वास यांची नावं घेतात. माझ्या आजोबांनी चुन्याचा हौद दाखवला असता. कातडं चुन्यातून नेमकं कधी काढायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून असे. आणि ती वेळ ठरायची केसाहूनही पातळ अशा एका थरात.

मी नगरला पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. त्वचेचे तुकडे मेणात बसवून, कापून, रंगवून काचेवर घ्यायचे, हे रोजचं काम. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी गडद जांभळ्या केंद्रकांची एक रांग दिसते. हा बेसल लेअर, तळथर. पेशींची एकच ओळ, पण सतत विभागणारी. नव्या पेशी वर सरकतात, केराटिनने भरतात, चपट्या होऊन मरतात आणि महिन्याभरात झडून जातात. त्याच ओळीत अधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. केसांची मुळं म्हणजे हीच बाह्यत्वचा खाली खोल उतरलेली. त्याखाली एक नाजूक पटल आणि मग कोलॅजेनच्या धाग्यांची आंतरत्वचा. चामडं होतं ते फक्त या आंतरत्वचेचं. तेव्हा कमावणाऱ्याचं पहिलं काम हे, की तळथरासकट बाह्यत्वचा उतरवायची आणि खालच्या धाग्यांना धक्का लावायचा नाही.

वरच्या पेशींतलं केराटिन पक्कं झालेलं असतं, ते चुन्याला बराच वेळ दाद देत नाही. तळथरातल्या आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी कोवळ्या. चुना आधी त्यांना खातो. त्या गेल्या की वरचं आवरण केसांसकट सुटतं. आजोबा हौदातलं जुनं पाणी सगळं ओतून देत नसत, थोडं नव्यात मिसळत. मुरलेल्या चुन्यात केस लवकर सुटतात, याचं कारण मी फार नंतर पुस्तकात वाचलं: जुन्या पाण्यातले जंतूही त्या कोवळ्या पेशींवर काम करतात. आजोबा कातड्याची कड उचलत, अंगठ्याने केस दाबून ओढत. केस मुळासकट अलगद निघाला आणि बुडाशी चिकट, पांढुरका गर लागला की कातडं बाहेर. तो गर म्हणजे विरघळलेला तळथर. थंडीत दिवस जास्त लागत, उन्हाळ्यात कमी. वेळ टळली की चुना खालच्या धाग्यांत शिरे, आणि असं चामडं पुढे भुसभुशीत निघे.

मग लाकडाच्या गोल ओंड्यावर कातडं टाकून दोन मुठींच्या बोथट सुरीने केस काढायचे. म्हशीचं कातडं असलं तर सुरीपुढे काळा चिखल जमे. तो रंगपेशींनी तयार केलेला रंग. मागे उरे पांढरा पृष्ठभाग आणि त्यावर केसांची बारीक छिद्रं. चांगल्या जोड्यावर जो दाणा दिसतो तो हाच, तळथर बसला होता त्या जागेचा ठसा.

इटलीत शरीररचनाशास्त्रज्ञ मालपिघीने 1665 च्या सुमारास बैलाची उकळलेली जीभ सोलून आवरणाचे थर वेगळे केले, आणि बाह्यत्वचेच्या खालच्या जिवंत भागाला पुढे त्याचं नाव मिळालं. त्याचा मान त्याला आहेच. पण तोच थर हाताने ओळखणारी माणसं आमच्या मुलखात गावाबाहेर राहत होती. अहमदनगर जिल्ह्याचं 1884 चं गॅझेटियर ढोरांची नोंद कातडी कमावणारे म्हणून करतं. आम्ही ढोर स्वतःला बाराव्या शतकातल्या, बसवण्णांच्या काळच्या संत कक्कय्यांचे मानतो. कातड्याला शिवत नव्हते तेच लोक आमच्या कातड्याच्या मोटेने विहिरीतून ओढलेलं पाणी पीत होते, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

आणि पाणी मोटेचंच होतं. पावसाच्या छायेतला हा जिल्हा, बागायत विहिरीवर. म्हशीच्या कातड्याची मोट फाटली की पीक वाळे. बाभळीची साल शेताच्या बांधावर, तरवड माळावर, हिरडा अकोले तालुक्याच्या डोंगरातून. चुन्यातून निघालेलं कातडं धुऊन पिशवीसारखं शिवत, आत साल आणि पाणी भरून टांगत. पाणी छिद्रांतून झिरपे ते पुन्हा वर ओतत, मग पिशवी उलटी टांगत.

चुना माणसाचं कातडंही तसंच खातो. आजोबांच्या बोटांची टोकं कायम सोललेली, भेगाळलेली असत. तळथर शाबूत असेपर्यंत ती भरून यायची. डाव्या मनगटावर मात्र ओला चुना खोल उतरला होता. तिथे केस उगवले नाहीत, रंगही परतला नाही.

भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेकाठी पाटाचं पाणी आलं. कोरडवाहू तालुक्यांत मोट टिकली ती ऑइल इंजिन आणि विजेचे पंप येईपर्यंत. कच्चं कातडं महारवाड्यातून येई, कारण गावची मेलेली गुरं ओढण्याचं काम तिथल्या लोकांवर होतं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं. पुढे गावोगाव लोकांनी ते सोडलं, आणि योग्यच केलं. आजोबांनीही वडिलांना हौदाजवळ येऊ दिलं नाही. शाळेत घातलं. 1972 च्या दुष्काळात गुरं मेली तेव्हा आमचा हौद बुजलेला होता.

हा धंदा परत यावा असं मी म्हणत नाही. पण नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात एक ओंडा, दोन मुठींची एक सुरी आणि एक मोट ठेवावी, आणि शेजारच्या पाटीवर चुना कुठे आणि कधी थांबवायचा हे लिहावं. ज्यांनी हौदात हात घातले होते अशी म्हातारी माणसं जिल्ह्यात अजून भेटतात. त्यांना विचारून लिहावं.